धूर जातो कुठे?



गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, की बोलणं घरच्या तब्येतीकडे वळतं. थंडीच्या दिवसांत तर ते हमखास खोकल्यावर येतं. कुणाच्या सासूबाईंना दम लागतो, कुणाच्या लहानग्याची सर्दी महिनाभर हटत नाही. घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांतल्या बाया सांगतात, "सकाळी धूर वर जाणाच नाय, खळ्यातच बसता." किनाऱ्यावरच्या म्हणतात, "आमका काय, आमच्याकडे दर्याचो वारो."

दोघींचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. चूल तीच, लाकूडफाटा तोच, पातेराही तोच. मग एका ठिकाणी धूर बसून राहतो आणि दुसऱ्या ठिकाणी उडून जातो, असं का? आणि उडून जातो तो कुठे जातो? आज आपण हेच समजून घेऊया. कारण हे कळलं की एक काम आपल्या हातात येतं, आणि त्याला पैसा लागत नाही. आग कुठे लावायची आणि किती वाजता लावायची, हे आपण ठरवू शकतो.

आपल्या जिल्ह्याची ठेवण

पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सह्याद्रीची भिंत, आणि मधली पट्टी साधारण ४०-५० किलोमीटर रुंदीची. एवढाच आपला सिंधुदुर्ग. शाळेत भूगोलात शिकलेले दोन शब्द आठवा: खलाटी आणि वलाटी. समुद्राजवळचा सखल भाग म्हणजे खलाटी. मालवण, देवगड, वेंगुर्ले इथली किनाऱ्याकडची गावं त्यात येतात. डोंगराकडचा उंचसखल भाग म्हणजे वलाटी. या दोन्हींच्या मध्ये कातळाचे सडे आहेत आणि नद्यांनी कोरलेली खोरी आहेत.

सड्यावर उभं राहिलं की वारा पदर उडवतो. तिथून खाली व्हाळाच्या काठी उतरलं की पान हलत नाही. हा फरक आपण रोज बघतो. हवा कशी असेल हे निम्मं इथेच ठरतं.

कुडाळ तालुक्यातलं माणगाव खोरं डोळ्यांसमोर आणा. मधून निर्मला नदी वाहते. पावसात आंबेरीचं पूल पाण्याखाली गेलं की पलीकडच्या गावांची वाट बंद होते, ही बातमी आपण अनेक वर्षं ऐकली आहे. पूर्वेला सह्याद्रीचा कडा, वर रांगणा आणि मनोहर-मनसंतोष हे गड, बाजूला डोंगराच्या सोंडा. जसं पाणी चहूबाजूंनी उतरून खोऱ्यात जमतं, तशीच थंड हवाही रात्री उतरून खोऱ्यात जमते. फक्त पाणी दिसतं, हवा दिसत नाही. धूर असला की मात्र तीही दिसते.

धूर वर का जातो, आणि कधी जात नाही

गरम हवा हलकी असते, म्हणून वर जाते. चुलीवरचा धूर गरम असतो, म्हणून तोही वर चढतो. तो किती उंच जाईल हे वरच्या हवेवर अवलंबून असतं. धुरापेक्षा आजूबाजूची हवा थंड असेपर्यंत तो चढत राहतो.

एरवी जमिनीपासून जसजसं वर जावं तसतशी हवा थंड होत जाते. दर एक हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. त्यामुळे सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीला गेलं की चार-साडेचार अंशांचा फरक पडतो आणि आपण शाल शोधतो. हवा अशी असते तेव्हा धूर वर जातो, पसरतो, विरळ होतो.

थंडीच्या रात्री मात्र उलटं होतं. आकाश निरभ्र असतं, वारा नसतो. दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब भराभर वर सोडून देते आणि गार पडते. तिला लागून असलेली हवाही गार पडते. गार हवा जड, म्हणून ती उतारावरून हळूहळू खाली सरकते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. तिच्या वर मात्र दिवसाची थोडी उबदार हवा तशीच राहते. म्हणजे खाली थंड, वर उबदार. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. आपण त्याला झाकण म्हणूया.

भाताच्या टोपावर झाकण ठेवलं की वाफ आतच कोंडते, तसंच हे. धूर थोडा वर जातो, उबदार थराला टेकतो, आणि पुढे चढायचं बळ त्याच्यात उरत नाही. मग तो आडवा पसरतो. पहाटे डोंगराच्या कुशीत पांढरी चादर अंथरल्यासारखा धूर तरंगताना दिसतो ना, त्या चादरीच्या उंचीवर झाकण आहे असं समजा.

थंडीच्या रात्री हे झाकण जमिनीपासून शे-दोनशे मीटरवरही असू शकतं. दुपारी ऊन तापल्यावर हवा हजार मीटर किंवा त्याहून वरपर्यंत घुसळून निघते. आता साधा हिशेब करा. तोच धूर हजार मीटर उंचीच्या हवेत मिसळला आणि तोच शंभर मीटरमध्ये कोंडला, तर दुसऱ्या वेळी तो दहापट दाट होईल. एकाही चुलीत एक काटकीसुद्धा जास्त घातलेली नसताना!

दिवसाचे दोन वारे, आणि मधल्या दोन शांत वेळा

किनाऱ्यावरच्या सख्यांना वारे शिकवायला नकोत. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा मच्छीमार पहाटेच्या मतलई वाऱ्यावर समुद्रात जात आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत. यामागचं कारण सोपं आहे. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र हळू तापतो. जमिनीवरची गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून हवा येते. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, मग हवा जमिनीकडून समुद्राकडे जाते. हा मतलई वारा.

खोऱ्यातही असेच दोन वारे असतात. दिवसा डोंगराचे उतार तापतात आणि हवा खोऱ्यातून वर चढते, तो दरीय वारा. रात्री उतार गार पडतात आणि हवा खाली उतरते, तो पर्वतीय वारा.

आता या चौघांची सांगड घाला. दुपारी खारा वारा आणि दरीय वारा दोन्ही पूर्वेकडे, म्हणजे डोंगराकडे वाहतात. रात्री मतलई आणि पर्वतीय वारा दोन्ही समुद्राकडे वाहतात. किनाऱ्यावरच्या आपल्या सख्यांनी इथे कान द्यावेत. आपल्याकडचा दुपारचा धूर "उडून" जातो तो आतल्या गावांकडे, खोऱ्यांच्या दिशेने. आणि रात्री आतल्या गावांचा धूर हळूहळू आपल्याकडे सरकतो. समुद्रावर गेलेली धुरकट हवा दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्याबरोबर परतही येऊ शकते. कर्ली नदीचं पाणी डोंगरातून निघून देवबागजवळ समुद्राला मिळतं आणि परत वर येत नाही. हवा मात्र दोन्ही दिशांनी ये-जा करते. म्हणून खलाटीची हवा आणि वलाटीची हवा अशी वाटणी करता येत नाही.

या वाऱ्यांची अदलाबदल होते तेव्हा मध्ये काही वेळ वारा पडतो. एकदा सकाळी, मतलई थांबून खारा सुरू होईपर्यंत. एकदा सूर्यास्ताच्या सुमारास, खारा थांबून मतलई सुरू होईपर्यंत. याच दोन वेळांना आपल्या घरोघरी काय चाललेलं असतं? सकाळी आंघोळीच्या पाण्याची पाणचूल पेटलेली असते, चहा-भाकरी चाललेली असते, खळं झाडून पातेऱ्याचा ढीग पेटवलेला असतो. संध्याकाळी रात्रीचं रांधप असतं आणि डास जावेत म्हणून धुरी केलेली असते. म्हणजे हवा धूर वाहून न्यायला तयार नसते नेमक्या त्याच वेळी आपण तो जास्तीत जास्त करतो.

वर्षाचे चार भाग

पहिला पावसाळा. नैऋत्येचा जोरदार वारा आणि आपल्या जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पाऊस हवेतले कण धुऊन खाली आणतो. बाहेरची हवा वर्षभरात सगळ्यात स्वच्छ असते ती आता. पण घरातली? दारं-खिडक्या लावलेल्या, लाकूड ओलं, फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल. बाहेर स्वच्छ आणि आत धूर, असा हा काळ आहे.

दुसरा भाग पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची सुरुवात. भातकापणी, झोडणी, वारवणी. भुसाची धूळ नाकात जाते. रात्री निवायला लागतात, झाकण बसायला सुरुवात होते.

तिसरा हिवाळा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. रात्री लांब, दंव, धुकं. खोऱ्यातली हवा वर्षभरात सगळ्यात जड असते ती याच दिवसांत. आणि याच दिवसांत उकड्या तांदळासाठी भात उकडण्याचं काम असतं, पातेरा पडतो, आंब्याला मोहोर येतो आणि बागांत फवारण्या सुरू होतात. फवारणीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. औषध उडून जाऊ नये म्हणून वारा नसताना फवारतात. पण पहाटे झाकण असताना फवारलं तर सगळ्यात बारीक तुषार झाडावर न बसता हवेत तरंगत राहतात आणि थंड हवेबरोबर सखल भागाकडे सरकतात. तिथे कुणाचं तरी घर असतं, कुणाची तरी विहीर असते.

चौथा उन्हाळा. मार्च ते मे. ऊन कडक, हवा उंच घुसळते, खारा वारा जोरात. झाकण सकाळी लवकर उडतं. पण धूळ आणि आगी वाढतात. सड्यावरच्या सुक्या गवताला वणवे लागतात, तरव्यासाठी भाजावळ होते, चिरेखाणींची आणि रस्त्यांची तांबडी धूळ उडते, काजूचा हंगाम सुरू असतो.

म्हणजे हवा "वाईट" असण्याचा काळ ठिकाणानुसार बदलतो. खोऱ्यात तो हिवाळ्याच्या सकाळी. स्वयंपाकघरात तो पावसाळ्यात. रस्त्याकडेला आणि खाणीजवळ तो उन्हाळ्यात. आपल्या वाडीचा वाईट काळ कोणता, हे आपणच ओळखायला हवं.

झाकणाने काय होऊ शकतं

कुणाला वाटेल, थोडा धूर कोंडला तर एवढं काय. दोन गोष्टी सांगते.

बेल्जियम देशात म्यूज नावाच्या नदीचं खोरं आहे. दोन्ही बाजूंना टेकड्या, मध्ये कारखाने. डिसेंबर १९३० च्या पहिल्या आठवड्यात तिथे असंच झाकण बसलं आणि काही दिवस हललंच नाही. कारखाने रोजच्यासारखेच चालू होते. पण धूर बाहेर पडला नाही, आणि साठाहून अधिक माणसं दगावली. त्या आठवड्यात कारखान्यांनी वेगळं काही केलं नव्हतं. वेगळी होती ती हवा.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र, भोपाळ. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. दोष कारखान्याचाच, त्यात शंका नाही. पण थंडीची रात्र होती, वारा मंद होता, आणि हवेपेक्षा जड असलेला तो वायू वर न जाता जमिनीलगत पसरला. कारखान्याला लागून ज्यांची घरं होती, त्या गरीब वस्त्यांवर तो सगळ्यात आधी गेला. हजारो माणसं गेली.

आपल्या चुलीची आणि त्या कारखान्याची बरोबरी मी करत नाही. एवढंच सांगायचं आहे की हवेत काय सोडलं याच्याइतकंच ते कुठे आणि कोणत्या वेळी सोडलं याला महत्त्व असतं.

आणि समुद्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या घरोघरचे चाकरमानी मुंबईत आहेत, त्यांना विचारा. मुंबई तर समुद्रातच उभी आहे. तरी २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथली हवा काही दिवस दिल्लीपेक्षाही वाईट नोंदली गेली. वारा मंदावला की समुद्रकाठसुद्धा धूर आणि धूळ साचते.

हे कुणाच्या छातीत जातं

धुरातला जो भाग आपल्याला दिसतो, डोळ्यांत झोंबतो, तो त्रासदायक आहेच. पण जास्त घातक आहेत ते न दिसणारे कण. त्यांना पीएम २.५ म्हणतात. ते अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसात खोल जातात, काही रक्तातही उतरतात.

एका घनमीटर हवेत हे कण चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, असं आपल्या देशाचं मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ सांगितली. आणि हीच संघटना सांगते की हवा खेळती नसलेल्या, चुलीच्या धुराने भरलेल्या घरात हे कण योग्य पातळीच्या शंभरपटही असू शकतात. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त मुलं होती.

चुलीपुढे कोण बसतं? आपण. आपल्या मांडीवर, पाठीशी कोण असतं? आपलं मूल. शेगडीची ऊब घेत जवळ कोण बसतं? घरातली म्हातारी माणसं. म्हणून हा विषय बचत गटाचा आहे. दवाखान्याच्या खर्चासाठी काढलेली कर्जं आपल्या रजिस्टरात बघा, मग पटेल.

गॅस आला, उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, त्यालाही बरीच वर्षं झाली. तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून, पाण्यासाठी, पेजेसाठी, उकड्यासाठी चूल पेटतेच. त्यासाठी कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. चूल पेटणारच असेल तर ती शहाणपणाने कशी पेटवायची, हे बघूया.

आपण काय करू शकतो

पहिली गोष्ट वेळेची. थंडीच्या दिवसांत बाहेरची मोठी आग खोऱ्यात पहाटे आणि दिवेलागणीला टाळावी. ऊन खळ्यात उतरून तास-दोन तास झाले, पानं हलायला लागली, धूर सरळ वर चढायला लागला की झाकण उडालं असं समजा. साधारण दहा ते चार ही वेळ बरी. डोंगराच्या सावलीत असलेल्या वाड्यांत ऊन उशिरा येतं, तिथे अजून थोडं थांबावं.

यावर सख्या लगेच म्हणतील, भात सकाळी उकडलं नाही तर वाळायचं कधी? अडचण खरी आहे. दिवसाचं ऊन फुकट घालवून चालत नाही. ज्या घरी दोनदा उकडतात, त्यांना पहिली उकड दुपारी चारच्या आत घेता येईल. दुसऱ्या दिवशीची उकड पहाटे पाचऐवजी ऊन आल्याबरोबर घ्यावी. लाकूड आधीपासून सुकवून, चिरून ठेवलं तर वेळही कमी लागतो आणि धूरही. शिवाय पाच घरांनी पाच ठिकाणी पाच चुली पेटवण्यापेक्षा वाडीत एका उघड्या जागी आळीपाळीने एकच मोठी चूल चालवली तर लाकडाची बचत होते आणि धूर घरांपासून लांब राहतो.

दुसरी गोष्ट जागेची. बाहेरची चूल किंवा पाणचूल घराच्या वरच्या उताराला नको. रात्रीची थंड हवा वरून खाली येते आणि धूर थेट दारातून आत आणते. व्हाळाच्या खळगीतही नको, तिथे हवा साचते. थोडी उंच, मोकळी आणि घराच्या खालच्या अंगाला असलेली जागा शोधा. मात्र तिच्याखाली शेजारणीचं घर नसावं, एवढं बघा.

तिसरी गोष्ट पातेऱ्याची. पातेरा जाळू नका. नारळ, सुपारी, आंबा यांच्या आळ्यात घाला. ओल टिकते, पाणी कमी लागतं आणि कुजून खत होतं. जाळलं तर मूठभर राख हाती येते आणि बाकी सगळं छातीत जातं.

भाजावळीचं दुखणं जुनं आहे. तण मरतं, रोपं चांगली येतात, असा अनुभव आहे, म्हणून माणसं करतात. पण गादीवाफ्यावर, न भाजता तरवा करता येतो. चारसूत्री भात लागवडीत भाताच्या तुसाची काळी राख आणि गिरिपुष्पाचा पाला वापरतात. कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांना गटाच्या बैठकीला बोलवा आणि एका वाफ्यावर करून बघा. पटलं तर पुढच्या वर्षी वाढवा. भाजायचंच असेल तर दुपारी, वारा हलका असताना आणि आगीभोवती जाळपट्टा काढूनच.

चौथी गोष्ट प्लास्टिकची. किनाऱ्यावर पर्यटनाच्या हंगामात होम-स्टे आणि खानावळींचा कचरा वाढतो. तुटलेली नायलॉनची जाळी, दोऱ्या, बाटल्या, पिशव्या संध्याकाळी पुळणीवर पेटवल्या जातात. या धुरात विषारी वायू असतात, आणि तो पेटतो नेमका वारा पडल्याच्या वेळी. ज्या गटांचे होम-स्टे आहेत त्यांनी ओला-सुका कचरा वेगळा करून सुका ग्रामपंचायतीच्या गाडीत द्यावा. गाडी येत नसेल तर ग्रामसभेत तसा ठराव मागावा. पाहुणे आपल्याकडे मोकळी हवा घ्यायलाच येतात.

पाचवी गोष्ट पावसाळ्याची. मे महिन्यातच लाकूड पडवीत किंवा मांगरात रचून झाका. चुलीच्या वर कौलात धुराडं किंवा मोकळी कौलं ठेवा. एक खिडकी उघडी राहील अशी व्यवस्था करा. चूल फुंकताना तान्हं मूल पाठीशी नको, दुसऱ्या खोलीत ठेवा.

सहावी गोष्ट गटाच्या उद्योगाची. आपल्यातल्या कितीतरी गटांनी काजूप्रक्रिया सुरू केली आहे. काजूच्या टरफलात तेल असतं. ती इंधन म्हणून पेटवली की काळा, झोंबणारा धूर निघतो. युनिट कुठे घालायचं हे ठरवताना रस्ता, वीज, पाणी आपण बघतो. त्यात एक प्रश्न वाढवा: रात्री इथली हवा कुठे वाहते आणि तिथे कुणाची घरं आहेत? हाच प्रश्न चिऱ्याची खाण, खडी क्रशर किंवा वीटभट्टी गावात येणार असेल तेव्हा ग्रामसभेत उभं राहून विचारा. कागदावर "वस्तीपासून इतके मीटर" असं लिहिलेलं असतं. पण खोऱ्यात नुसतं अंतर पुरत नाही, उतारही बघावा लागतो. उताराच्या वरच्या अंगाला असलेली खाण लांब असूनही जवळची असते.

आणि शेजारच्या बागेत फवारणी असेल तर आदल्या दिवशी निरोप मिळावा, एवढं बागायतदाराशी बोलून ठरवा. फवारणीच्या वेळी वाळत घातलेले कपडे आणि वाळवणं आत घ्या, पाण्याची भांडी झाका, मुलांना लांब ठेवा. फवारणी अगदी धुक्यात न करता ऊन आल्यावर केली तर त्यांचंही औषध वाया जात नाही.

धुराची वही

हवा मोजायची यंत्रं आपल्याकडे नाहीत, पण डोळे आहेत. गटात एक वही घाला. एका आठवड्यापुरतं काम आहे. रोज चार वेळा, म्हणजे पहाटे सहाला, सकाळी दहाला, दुपारी तीनला आणि संध्याकाळी सातला, आपल्या वाडीतल्या एखाद्या चुलीच्या धुराकडे बघायचं. तो सरळ वर गेला, एका बाजूला वाहिला की आडवा पसरून बसला, एवढंच लिहायचं. कोणत्या दिशेला गेला तेही लिहायचं. शाळेतली मुलं हे आनंदाने करतील.

हा आठवडा एकदा डिसेंबरात आणि एकदा एप्रिलात करा. दोन्ही पानं शेजारी ठेवलीत की आपल्या वाडीचं झाकण कधी बसतं, कधी उडतं, हे तुमच्याच अक्षरात तुमच्यासमोर येईल. मग ग्रामसभेत "धूर होता" असं मोघम बोलावं लागणार नाही. तारीख, वेळ, दिशा सांगता येईल. आणि बायांनी लिहून आणलेल्या गोष्टीला "बघू" म्हणून टोलवणं जरा कठीण जातं, हे तुम्ही कर्जाच्या कामात अनुभवलेलं आहे.

घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल, दम लागत असेल, लहान मुलाचा श्वास भराभर चालत असेल किंवा बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर वहीची वाट बघू नका. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि घरात चूल आहे हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

डोंगर आपण हलवू शकत नाही, ऋतूही बदलू शकत नाही. काडी मात्र आपल्याच हातात असते. ती ओढण्याआधी एकदा वर बघा, पान हलतंय का. हलत नसेल तर थोडं थांबा.

तुमच्या वहीत काय निघालं ते प्रभागाच्या पुढच्या बैठकीत घेऊन या. किनाऱ्याच्या आणि खोऱ्याच्या दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचूया.